मुका मार

मराठीत एक शब्द आहे, 'मुका मार'. पोलिसांच्या कागदात असतो, गावाकडे हाड बसवणाऱ्याच्या तोंडी असतो, आणि लेदर बॉल बरगडीत बसलेल्या पोराच्या आईच्या तोंडीही असतो. कातडी फाटलेली नाही, रक्त आलेलं नाही, पण आतून दुखतंय, तो मुका मार. इंग्रजी वैद्यकीय पुस्तकात यालाच 'ब्लंट ट्रॉमा' म्हणतात, म्हणजे बोथट वस्तूने झालेली इजा. इंग्रजी शब्द हत्याराबद्दल सांगतो, आपला शब्द जखमेबद्दल सांगतो. ही जखम बोलत नाही.

या वीकेंडला थोडं वाचन केलं ते या मुक्या माराबद्दल, आणि त्यातही पोटावर बसलेल्या. मी काही डॉक्टर नाही, कोड लिहून (स्वतःचं) पोट भरतो. पण हा विषय वाचता वाचता शल्यक्रियेतून थेट ब्रिटिशांच्या कोर्टात गेला आणि तिथून परत आपल्या विदर्भात आला, म्हणून म्हटलं लिहून काढावं.

आधी थोडं बेसिक. पोटाच्या इजा दोन प्रकारच्या. एक भोसकल्याची: चाकू, सुरा, गोळी, बैलाचं शिंग. आपल्या नागपूरच्या 'मेयो'ला ज्या लॉर्ड मेयोचं नाव आहे, तो व्हाइसरॉय असल्याच इजेने गेला. ८ फेब्रुवारी १८७२ ला पोर्ट ब्लेअरच्या धक्क्यावर शेर अलीने त्याच्या पाठीत सुरा खुपसला. (हॉस्पिटलचं अधिकृत नाव आता इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि रुग्णालय आहे, पण रिक्षावाल्याला 'मेयो' म्हटलं तरच कळतं.) अशा इजेत निदान कुठे लागलंय ते तरी दिसतं. दुसरा प्रकार मुक्या माराचा: लाथ, लाठी, मोटारसायकलचं हँडल, स्टिअरिंग, झाडावरून किंवा माळ्यावरून पडणं. यात बाहेरून काहीच दिसत नाही असंही होतं.

आत काय काय असतं? ढोबळमानाने दोन गट. पोकळ अवयव म्हणजे जठर, आतडी, मूत्राशय. हे फाटले की आतला माल पोटात सांडतो आणि काही तासांनी पोट लाकडासारखं कडक होतं, ताप येतो, पू होतो. भरीव अवयव म्हणजे यकृत, मूत्रपिंडं आणि प्लीहा. हे फाटले की रक्त वाहतं, आतल्या आत. मुक्या मारात सगळ्यात जास्त वेळा सापडतात ते यकृत आणि प्लीहा.

या प्लीहेला जुन्या मराठीत पानथरी म्हणतात. डाव्या बाजूला, नवव्या ते अकराव्या बरगडीच्या आड बसलेली, मुठीएवढी, दीडशे ग्रॅमच्या आसपास. पण तिच्यातून दर मिनिटाला साधारण २०० मिली रक्त फिरतं. स्पंजासारखी, रक्ताने भरलेली, आणि वर पातळ आवरण. मलेरिया वारंवार झाला की ही पानथरी सुजते आणि बरगडीच्या आडून खाली पोटात उतरते. कधीकधी पार बेंबीपर्यंत. आवरण ताणलेलं आणि बरगड्यांचं संरक्षण गेलेलं. अशा माणसाला साधा धक्काही जीवघेणा ठरू शकतो. ही गोष्ट नीट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता आग्र्याला जाऊया. ३१ ऑक्टोबर १८७५, रविवार. फुलर नावाचा इंग्रज वकील सहकुटुंब चर्चला निघालेला. बग्गी वेळेवर दाराशी आली नाही. साहेबाने चिडून मोतद्दाराला मारलं, केस धरून ओढलं. मोतद्दाराचं नाव कटवारू. तो पडला, उठून कसाबसा शेजारच्या आवारात गेला आणि तिथे थोड्याच वेळात मेला. शवविच्छेदनात निघालं की पानथरी फाटली होती. डॉक्टरांचं मत असं की ती आधीच इतकी वाढलेली होती की थोड्याशा माराने, नुसत्या पडण्यानेही फाटली असती. जॉइंट मॅजिस्ट्रेट लीड्स यांनी फुलरना किरकोळ दुखापत केल्याबद्दल दोषी धरलं आणि शिक्षा दिली... ३० रुपये दंड.

बरं, ही एकच केस असती तर इतिहासात राहिली नसती. साहेबाने पंखा ओढणाऱ्याला, हमालाला, स्वयंपाक्याला लाथ मारली, तो मेला, पानथरी मोठी होती, साहेब दंड भरून घरी गेला... या पद्धतीचे खटले एकोणिसाव्या शतकात इतके झाले की देशी वृत्तपत्रांत 'पानथरी' हा जवळजवळ राजकीय शब्द झाला. आपल्याकडे 'पोटावर पाय देणं' म्हणजे कुणाची रोजीरोटी काढून घेणं. इथे तो वाक्प्रचार अक्षरशः खरा होत होता, आणि रोजीरोटीबरोबर जीवही जात होता.

आमच्या धंद्यात एक जुना वाद असतो. प्रोग्रॅम कोसळला की कस्टमर म्हणतो तुमच्या कोडमध्ये बग आहे आणि डेव्हलपर म्हणतो आमच्याकडे तर चालतंय, तुमच्याच मशीनमध्ये प्रॉब्लेम असेल. कोर्टातला पानथरीचा बचाव थेट असाच होता. लाथ साधीच होती हो, माणूसच सदोष निघाला!

गंमत (?) अशी की हा बचाव वैद्यकीयदृष्ट्या खोटा नव्हता. वाढलेली पानथरी खरोखरच थोड्या माराने फाटते, क्वचित कुठलाही मार न लागता आपोआपही फाटते. नॉर्मन चेव्हर्स या इंग्रज डॉक्टरने हिंदुस्थानातल्या न्यायवैद्यकावर जाडजूड ग्रंथ लिहिला (पहिली आवृत्ती १८५६), त्यात फाटलेल्या पानथरीची चर्चा चांगली लांबलचक आहे. म्हणजे शवविच्छेदन करणारे सगळे डॉक्टर लबाड होते असं म्हणता येत नाही. त्यांच्या अहवालाचं पुढे काय केलं गेलं, हा खरा प्रश्न.

कायदा काय म्हणत होता? १८६० च्या भारतीय दंड संहितेत कलम २९९ च्या स्पष्टीकरणात साफ लिहिलं होतं की आजारी माणसाला इजा करून त्याचा मृत्यू लवकर ओढवला, तर तो मृत्यू इजा करणाऱ्यानेच घडवला असं धरायचं. 'तो आधीच आजारी होता' ही पळवाट इथे बंद. पण कलम ३०० खालच्या उदाहरणात दुसरी बाजू होती. समोरच्याला असा रोग आहे की एका फटक्याने तो मरेल, हे माहीत असून फटका मारला तर खून. माहीत नसेल, आणि निरोगी माणूस त्या फटक्याने सहसा मेला नसता, तर खून नाही. दोन्ही तरतुदी आपापल्या जागी वाजवी आहेत. २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही कलम १०० आणि १०१ मध्ये त्या जवळपास तशाच आल्या आहेत.

म्हणजे सगळा खटला एका प्रश्नावर अडतो: साहेबाला माहीत होतं का?

आणि इथे मला एक गोष्ट सापडली जी वाचून मी खुर्चीत सरळ बसलो. १८४० च्या दशकात उत्तरेत यमुनेच्या कालव्यांमुळे ताप वाढतो का, हे तपासायला सरकारने एक समिती नेमली होती. त्यातल्या डॉ. डेम्प्स्टर यांनी एक साधी युक्ती काढली. गावोगाव जायचं, लोकांची पोटं चाचपायची आणि शंभरात किती जणांची पानथरी हाताला लागते ते मोजायचं. जितका आकडा मोठा तितका त्या गावात मलेरिया जास्त. याला पुढे 'स्प्लीन रेट' म्हणू लागले आणि जगभर मलेरियाच्या पाहण्यांत ही पद्धत वापरली गेली. रोनाल्ड रॉसने डासाच्या पोटात मलेरियाचा जंतू पाहिला तो १८९७ साली, म्हणजे त्याच्या जवळजवळ ५० वर्षं आधीची ही गोष्ट.

आता हे दोन कागद शेजारी शेजारी ठेवून बघा. एका कागदावर सरकारी डॉक्टर गावोगावच्या वाढलेल्या पानथऱ्या मोजतोय. त्यानंतर २५-३० वर्षांनी दुसऱ्या कागदावर त्याच सरकारचं कोर्ट म्हणतंय की बिचाऱ्या साहेबाला कसं कळणार नोकराची पानथरी मोठी आहे! कालवा कुठून न्यायचा हे ठरवताना जी माहिती उपयोगी होती, ती नोकराला लाथ मारताना मात्र कुणालाच नव्हती. डेटाबेस एकच, पण या क्वेरीला उत्तर शून्य.

फुलर प्रकरणात एक अनपेक्षित वळण आलं. नवा व्हाइसरॉय लॉर्ड लिटन याने जुलै १८७६ मध्ये जाहीर मिनिट काढून ही शिक्षा अगदीच अपुरी असल्याचं म्हटलं, कटवारूचा मृत्यू हा त्या माराचाच परिणाम आहे असं ठणकावलं आणि मॅजिस्ट्रेटवर ठपका ठेवला. इथल्या इंग्रजी वृत्तपत्रांनी लिटनवरच आग पाखडली. (दोनच वर्षांनी याच लिटनने देशी वृत्तपत्रांचं तोंड बांधणारा १८७८ चा कायदा आणला, तेव्हा त्याला डोक्यावर घ्यायची गरज नाही.) फुलरची शिक्षा काही वाढली नाही.

असो. आता कोर्टातून ऑपरेशन थिएटरमध्ये जाऊ. तिथेही पानथरीची कहाणी फार वेगळी नाही, तिला तिथेही बराच काळ कुणी विचारत नव्हतं.

कटवारू आग्र्याऐवजी लंडनमध्ये असता तरी त्या काळी वाचला नसता. फाटलेली पानथरी काढून रोगी वाचवल्याची पहिली यशस्वी नोंद १८९२ ची, ब्रेस्लाऊ (आता पोलंडमधलं व्रोत्सवाफ) इथे ऑस्कर रीग्नर या सर्जनची. भूल आणि निर्जंतुकीकरण हाताशी आल्यावरच पोट उघडायची हिंमत झाली. आणि एकदा ती झाली, की मग नियमच ठरला: पानथरी फाटली? काढून टाका. शिवायला गेलं तर टाके तिच्या मऊ मांसातून सुटतात, आणि तिच्याशिवाय माणूस जगतो हे दिसतच होतं. साठएक वर्षं याच्यावर फारशी शंका कुणी घेतली नाही.

१९५२ मध्ये अमेरिकेत किंग आणि शूमॅकर या दोघांनी पाच तान्ह्या मुलांची माहिती छापली. रक्ताच्या आजारासाठी त्यांच्या पानथऱ्या काढल्या होत्या आणि नंतर त्यांना गंभीर जंतुसंसर्ग झाले. पानथरी रक्तातले जंतू गाळून मारते, विशेषतः न्यूमोकॉकससारखे कवच असलेले. ती गेली की पुढे कधीतरी, अगदी कित्येक वर्षांनीही, साधा वाटणारा ताप एक-दोन दिवसांत जीव घेऊ शकतो. धोका टक्केवारीत कमी असतो, पण आला की भयंकर.

मग न काढता चालेल का? याचं उत्तर देण्यात एका भारतीय डॉक्टरचा मोठा वाटा आहे. टोरांटोच्या मुलांच्या हॉस्पिटलमध्ये काही सर्जन पानथरी फाटलेल्या पण स्थिर असलेल्या मुलांना न कापता नुसतं निजवून ठेवत होते. डॉ. पुरुषोत्तम उपाध्याय आणि सिम्प्सन यांनी या अनुभवावर १९६८ मध्ये लेख लिहिला. त्याच वर्षी उपाध्याय आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा माकडांवरच्या प्रयोगांचा लेखही आला, की फाटलेली पानथरी स्वतःहून भरून येते. सुरुवातीला बऱ्याच जणांना हा वेडेपणा वाटला. आज रक्तदाब स्थिर असलेल्या रोग्यात, मूल असो की मोठा माणूस, हीच जगन्मान्य पद्धत आहे.

पण 'न कापता थांबणं' म्हणजे काही न करणं नव्हे, आणि या सगळ्या लेखातला माझ्या दृष्टीने महत्त्वाचा मुद्दा हाच. थांबायचं असेल तर आत काय चाललंय ते कळलं पाहिजे, आणि जखम तर मुकी!

मोठ्या माणसात साधारण पाच लिटर रक्त असतं. त्यातलं दीड लिटरपर्यंत जाईतो रक्तदाब बऱ्याचदा ठीकच दिसतो, कारण शरीर रक्तवाहिन्या आवळून आणि नाडी वाढवून निभावून नेतं. म्हणजे आकडा हिरवा आणि सर्व्हर मरणपंथाला. मग चाणाक्ष डॉक्टर काय बघतो? वाढती नाडी. गार, घामेजलेले हात. बेचैनी. डाव्या बाजूच्या खालच्या बरगड्या मोडल्यात का. पोटावर सीटबेल्टचा पट्टा उमटलाय का, कारण त्याखाली आतडं फाटलेलं असू शकतं. आणि एक चमत्कारिक खूण म्हणजे पोटात मार लागलाय पण दुखतोय डावा खांदा. पानथरीतून वाहिलेलं रक्त श्वासपटलाला खाली टोचत असतं, आणि त्याची नस मानेतून येत असल्याने मेंदूला ते दुखणं खांद्याचं वाटतं. जर्मन सर्जन केअरच्या नावाने ही खूण ओळखली जाते. मुका मार बोलतो तो असा, भलत्याच ठिकाणाहून.

यंत्रं नंतर आली. १९६५ मध्ये रूट आणि सहकाऱ्यांनी पोटात नळी घालून, पाणी सोडून, परत काढून रक्त दिसतंय का ते बघायची पद्धत आणली. १९७० च्या दशकात सीटी स्कॅन आला. १९९० च्या दशकात 'फास्ट' ही सोनोग्राफी रूढ झाली: हृदयाभोवती, उजवीकडे यकृताजवळ, डावीकडे पानथरीजवळ आणि ओटीपोटात, अशा चार जागी बघायचं, रोगी न हलवता, दोन-चार मिनिटांत. आजचा हिशोब थोडक्यात असा. रोगी ढासळतोय आणि सोनोग्राफीत पोटात रक्त दिसतंय, तर सरळ ऑपरेशन, सीटीच्या रांगेत वेळ घालवायचा नाही. रोगी स्थिर आहे, तर सीटी, इजेची प्रत (पहिली ते पाचवी), आणि मग अतिदक्षता विभागात सतत नजर. गरज पडली तर मांडीच्या किंवा मनगटाच्या धमनीतून बारीक नळी नेऊन वाहणारी रक्तवाहिनी आतूनच बंद करायची. थांबायचं ते एवढी सगळी तयारी बाजूला ठेवून.

आता नागपूर. आपलं शहर देशाच्या मधोमध, ४४ आणि ५३ हे दोन राष्ट्रीय महामार्ग इथे एकमेकांना छेदतात, आणि २०२५ पासून ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग मुंबईपर्यंत पूर्ण उघडला. म्हणजे मुक्या माराचा पुरवठा भरपूर. मेडिकल आणि मेयोत रोगी नुसते शहरातले नसतात. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली, पलीकडून छिंदवाडा, बालाघाट, सगळे इथेच येतात.

आणि इथे पानथरी परत गोष्टीत शिरते. १९५८ मध्ये नागपूरच्या मेडिकलच्या शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातल्या सिकलसेलबद्दल 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं. सिकलसेलचा एक जीन असलेल्याला मलेरियापासून काहीसं संरक्षण मिळतं, म्हणून जिथे पिढ्यान्‌पिढ्या मलेरिया होता तिथे तो टिकला. पण ज्यांना दोन्ही जीन मिळतात त्यांना तो आजार होतो. आफ्रिकी वंशाच्या रोग्यांत पानथरी बहुधा लहानपणीच सुकून जाते. आपल्याकडच्या बऱ्याच रोग्यांत ती मोठी होऊन बरीच वर्षं तशीच राहते. गडचिरोलीच्या जंगलात मलेरिया अजून आहे. म्हणजे कटवारूच्या पोटात होती तशी, बरगडीखाली उतरलेली पानथरी विदर्भात आजही सापडते.

आता भामरागडकडचा एखादा जण मोहाच्या झाडावरून पडला असं धरा. नागपूर तीनशे किलोमीटरच्या वर. जवळच्या हॉस्पिटलमध्ये चोवीस तास सीटी, रक्तपेढी आणि सर्जन हे तिन्ही एकाच वेळी हजर असतील तरच 'न कापता थांबणं' शक्य. नसतील तर सर्जनला जीव वाचवायला पानथरी काढावीच लागेल, आणि ते बरोबरच असेल. पण टोरांटोत जी पानथरी वाचली असती ती इथे गेली, ती जखम मोठी होती म्हणून नाही, नजर ठेवायला माणूस आणि मशीन नव्हतं म्हणून. आणि पानथरी नसलेला तो माणूस परत जाणार कुठे, तर मलेरियाच्याच गावात. त्याला न्यूमोकॉकस, मेनिंगोकॉकस आणि हिब या लसी मिळाल्या का, आणि 'यापुढे ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना' हे त्याला त्याच्या भाषेत, माडियात, कुणी सांगितलं का, यावर त्याचं पुढचं आयुष्य अवलंबून आहे.

अजून एक. मुका मार रस्त्यावरच लागतो असं नाही. घरातही लागतो, आणि मग 'बाथरूममध्ये पडले' एवढंच सांगितलं जातं. जखम मुकी, आणि जिला लागलंय तीही गप्प. तेव्हा पोट चाचपणाऱ्या डॉक्टरने विचारलेला एखादा जास्तीचा प्रश्न आणि केस पेपरवर लिहिलेली एक नीट ओळ फार मोलाची ठरते. कटवारूच्या कागदावर पानथरीचं वर्णन तपशिलात होतं, माराचं वर्णन तीस रुपयांचं.

आपल्यासारख्यांनी करायच्या गोष्टी चारच. पोटाला जोरात मार बसलेल्या माणसाला 'वरून तर काही नाही' म्हणून झोपवू नका. काही खायला-प्यायला देऊ नका, ऑपरेशन लागू शकतं. १०८ ला फोन करा. आणि पहिल्या दिवशी सगळं ठीक निघालं तरी पुढचे काही दिवस चक्कर, खांदेदुखी, पोटदुखी याकडे लक्ष ठेवा, कारण पानथरी कधीकधी दोन दिवसांनी, आठवड्यानेही फाटते.

आणि हो, सीटबेल्टचा खालचा पट्टा पोटावरून घ्यायचा नसतो, कमरेच्या हाडावरून घ्यायचा असतो. गाडीत बसाल तेव्हा एकदा खाली बघा.